सागाच्या पट्टीतल्या फटी: तयार वुड फिलर घ्यावा का?

पाण्यावरचा तयार वुड फिलर, सागवानी छटा. दारांभोवतीच्या नव्या पट्ट्यांना पॉलिश करायच्या आधी खिळ्यांची भोकं आणि सांध्यांतल्या बारीक फटी बुजवायला तो आणला, घरभर वापरला, आणि आता हेच काम काढणाऱ्यांसाठी सविस्तर लिहिते आहे. निकाल आधीच सांगून टाकते. वस्तू चांगली आहे, पण डब्यावर दिलेल्या क्रमाने, म्हणजे कोऱ्या घासलेल्या लाकडात थेट भरून वापरली, तर सागाच्या पॉलिशखाली ती दिसते. लाकडाला आधी लाखेचा एक पातळ हात द्या आणि फिलर त्यानंतर भरा. मग हाच डबा पैसे वसूल करून देतो.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या जातीचे सगळे डबे साधारण सारखेच वागतात: बारीक भुकटी, थोडा रंग आणि पाण्यात कालवलेला चिकट पदार्थ. पाणी उडालं की उरलेलं घट्ट होतं. नाव बदललं म्हणून यातला स्वभाव बदलत नाही.

आमचं घर बडोद्याला, दांडिया बाजारच्या एका गल्लीत. आजेसासरे कलाभवनात शिकलेले. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये ती संस्था सुरू केली आणि तिथे सुतारकामही शिकवलं जायचं. आजेसाहेबांनी स्वतः उभं राहून करून घेतलेल्या चौकटी आजही काटकोनात आहेत, सांधे खाचेत बसवलेले, खिळा शोधावा लागतो. पण चौकट आणि भिंत यांच्यामधल्या पट्ट्या मधल्या काळात कुणीतरी काढून प्लायच्या लावल्या होत्या आणि त्या पाण्याने फुगल्या होत्या. त्या सगळ्या काढून यंदा सागाच्या बसवल्या. पट्ट्या म्हटल्या की डोकं उडवलेले खिळे आले, कोपऱ्यांत ४५ अंशांचे सांधे आले, आणि जुन्या घरात एकही कोपरा खरा काटकोनी नसल्यामुळे त्या सांध्यांत केसाएवढ्या फटीही आल्याच.

रंग द्यायचा असता तर हा लेख चार ओळींत संपला असता. ऑइल पेंटखाली काहीही चालतं. तयार फिलर चालतो, जवसाच्या तेलात मळलेली खडूची पावडर चालते, एम-सीलसारखी दोन भागांची पुट्टी तर उत्तमच, कारण ती आक्रसत नाही आणि तुटलेला कोपरासुद्धा तिने घडवता येतो. दोन्ही भाग सारखे घ्यायचे, रंग एकजीव होईपर्यंत मळायचे, संपलं. फक्त भिंतीची सिमेंटवाली पुट्टी लाकडात भरू देऊ नका. रंगारी हाताशी असते म्हणून तीच थापतात. ती ठिसूळ, लाकूड जरा हललं की तडकते.

खरा प्रश्न पारदर्शक पॉलिशचा आहे. तिथे लाकूड दिसायला हवं आणि फिलर दिसता कामा नये.

सागाचं लाकूड नीट पाहा. त्यात उघडी छिद्रं असतात, चांगल्या उजेडात नुसत्या डोळ्यांना दिसतात, लांबट, बारीक, रेषेच्या दिशेने ओढलेली. खिळ्याचं भोक मुगाच्या दाण्याहून लहान, पण फिलर पत्तीने, म्हणजे पत्र्याच्या चपट्या पात्याने, दाबताना तो भोकाच्या चारी बाजूंना पसरतो आणि या छिद्रांत जाऊन बसतो. वाळल्यावर वरचा थर घासून निघतो, छिद्रांतला निघत नाही. कोरडं असेपर्यंत काहीच कळत नाही. पॉलिशचा पहिला हात फिरला की आजूबाजूचं लाकूड गडद होतं आणि प्रत्येक खिळ्याभोवती रुपयाएवढं फिकट वलय उमटतं. मग ते काढायला पॉलिश खरवडण्यापलीकडे उपाय नाही.

पट्ट्या कापल्यावर उरलेल्या एका तुकड्यावर मी हे आधी तपासून पाहिलं. कुणीही हे काम सुरू करण्याआधी हेच करावं, असा माझा आग्रह आहे. तुकडा १२० आणि मग १८० नंबरच्या पॉलिश पेपरने रेषेच्या दिशेने घासला. मधोमध पेन्सिलीने रेघ मारली. डावी बाजू कोरी ठेवली, उजव्या बाजूला पातळ केलेल्या लाख पॉलिशचा एक हात बोळ्याने दिला आणि वाळू दिला. दोन्हीकडे सारखी भोकं पाडून एकाच डब्यातला फिलर भरला. वाळल्यावर ३२० नंबरने हलकं घासून सगळ्या तुकड्यावर पॉलिश चढवलं. डावीकडे वलयं स्पष्ट, तिरकं धरलं तर छिद्राछिद्रांत अडकलेली पिवळट भुकटी मोजता येईल इतकी. उजवीकडे फक्त ठिपका, तोही जवळ गेल्यावर सापडणारा. लाखेने छिद्रांची तोंडं आधीच बंद केलेली असतात, त्यामुळे फिलर वरच्या वर राहतो आणि पुसला जातो. तुकडा अजून ठेवला आहे, शेजारीपाजारी कुणी पॉलिशचं काम काढलं की दाखवते.

लाखेच्या जागी सँडिंग सीलर, म्हणजे पॉलिशआधी लाकडाची छिद्रं बंद करणारा तयार हात, चालतो, तोही पातळ करूनच. जाड हात दिला तर फिलरला धरायला काही उरत नाही. लाकडाला रंगछटा द्यायची असेल तर क्रम असा: आधी छटा, मग पातळ हात, मग त्या छटेला जुळणारा फिलर. छटा शेवटी द्यायला गेलात तर ती फिलरवर एक आणि लाकडावर दुसरी दिसेल. डब्यावर ‘छटा घेतो’ असं लिहिलेलं खोटं नसतं. फिलर छटा घेतो, पण लाकडाइतकीच घेत नाही.

आता छटेविषयी, कारण दुकानात सगळ्यांची गल्लत इथेच होते. दुकानदार झाकणावरचा रंग दाखवतो आणि आपण ताज्या घासलेल्या पट्टीशी तो जुळवतो. ताजा घासलेला साग फसवा असतो. कुठे हिरवट, कुठे फिकट, मधेच काळसर पट्टे. उजेड लागला की काही आठवड्यांत तो एकसारखा सोनेरी तपकिरी होतो. फिलर मात्र भरला त्या दिवशी जसा होता तसाच राहतो. म्हणून आजच्या लाकडाशी तंतोतंत जुळलेला ठिपका दिवाळीपर्यंत फिका पडलेला दिसणार. एक छटा गडद घ्यायची, आणि जुळवायची असेल तर लाकडाच्या फिक्या भागाशी नाही, गडद रेषेशी. सागात गडद रेषा जागोजागी असतात, त्यामुळे गडद ठिपका डोळ्याला रेषेचाच भाग वाटतो, फिका ठिपका मात्र डाग वाटतो. दुकानात जाताना पट्टीचा तुकडा बरोबर न्या, त्यावर ओलं बोट फिरवा. ओलं लाकूड जसं दिसतं, साधारण तसंच ते पॉलिशनंतर दिसतं.

तयार छटा कुठलीच जुळली नाही तर घरी जुळवता येते. बडोद्याच्या जुन्या शहरात रंगाच्या दुकानांत अजून सुटे कोरडे रंग मिळतात: गेरू, पिवडी (पिवळी माती), अंबर (गडद तपकिरी माती), काजळी. नैसर्गिक किंवा पांढरट छटेचा फिलर घ्यायचा, त्यात चिमटीने अंबर आणि थोडी पिवडी घालायची, तांबूस हवं असेल तर गेरूचा स्पर्श. काजळी सुईच्या टोकाएवढीच, तिने क्षणात सगळं राखाडी होतं. मी मंगळ बाजाराच्या बाजूच्या एका जुन्या दुकानातून पुड्या बांधून आणल्या आणि एवढ्या मोठ्या घराचं काम होऊनही त्या संपलेल्या नाहीत. पैसे चहापाण्याएवढे. तयार चार छटांचे चार डबे घेण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं, आणि जुन्या चौकटीला वेगळी छटा, नव्या पट्टीला वेगळी, असं हवं तसं करता येतं.

भरण्याची पद्धत साधी आहे, पण घाई सोसत नाही. फिलर घट्ट श्रीखंडासारखा हवा. पत्तीवरून घसरत असेल तर पाणी जास्त झालं, आणि जितकं पाणी जास्त तितका तो वाळताना आक्रसणार. सांध्याच्या दोन्ही कडांना मास्किंग टेप लावा, पत्ती फटीला आडवी धरून दाबा, मग टेप लगेच काढा. फिलर लाकडाच्या पातळीपेक्षा किंचित फुगीर राहिला पाहिजे, वाळून तो बसतो. खोल भोक एका दमात भरू नका. वरून वाळतो, आत ओला राहतो, आणि पॉलिशनंतर त्या जागी खळगा पडतो. तीन मिलिमीटरपेक्षा खोल असेल तर दोन वेळा भरा, मधे पूर्ण वाळू द्या. बोटाने दाबून सारखं करायचा मोह होतो, तो टाळा. बोट फिलर ओढून घेतं आणि मधे खोलगट करतं.

साग तेलकट लाकूड आहे, ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी. फिलर काय, डिंक काय, तेलकट पृष्ठभागावर पकड कमी पडते. लाखेचा हात देण्याआधी थिनरचा फडका फिरवला तर फरक पडतो. खिडक्या उघड्या ठेवून, आणि जवळपास देवघरातला दिवासुद्धा नको.

आमच्या मिस्त्रींचा मात्र तयार फिलरवर विश्वास नव्हता. त्यांची पद्धत पिढीजात: त्याच लाकडाचा बारीक भुसा, पांढऱ्या डिंकात कालवायचा आणि भरायचा. त्यांचं म्हणणं, लाकूड तेच, तर रंगही तोच. ऐकायला पटतं, पण पॉलिशखाली तसं होत नाही. पांढरा डिंक वाळून जो पापुद्रा धरतो त्यात पॉलिश मुरत नाही. आणि भुशाच्या कणांची कापलेली टोकं जास्त शोषतात, म्हणून मिश्रण मूळ लाकडापेक्षा बरेचदा गडद पडतं. डिंक आजूबाजूला पुसला गेला तर तिथे वेगळा फिकट डाग. मिस्त्रींच्या हातात एवढी सफाई आहे की ते सांध्याला डिंक लावून, तो ओला असतानाच वरून कोरडा पॉलिश पेपर फिरवतात, म्हणजे उडणारा भुसा आपोआप फटीत जाऊन बसतो. केसाएवढ्या फटीसाठी ही युक्ती फारच सुंदर आहे आणि तिथे मी त्यांचंच ऐकलं. त्याहून मोठ्या फटीला नाही.

कोपऱ्यातला ४५ अंशांचा सांधा बाहेरच्या टोकाला जरासा उघडा असेल तर फिलरच्या आधी आणखी एक गोष्ट करून पाहा. पेचकसाची गोल दांडी आडवी धरून दोन्ही बाजूंनी टोकावर घट्ट घासा. लाकडाचे तंतू दबून एकमेकांकडे वळतात आणि फट मिटते. जिथे फिलर लागतच नाही ते काम नेहमी सर्वांत चांगलं दिसतं.

उलट मोठी फट असेल, तीन-चार मिलिमीटर किंवा त्याहून जास्त, तर तिथे फिलर हे उत्तरच नव्हे. त्याच पट्टीची कपची काढायची, रेषा जुळवून, पाचरेसारखी निमुळती करून डिंक लावून ठोकायची, वाळली की पटाशीने सपाट करायची. स्वयंपाकघराच्या दाराला मिस्त्रींनी अशी बसवलेली कपची मला स्वतःला आता शोधावी लागते. सुताराला याचे वेगळे पैसे मागावेसे वाटले तर जरूर द्या.

पट्टी आणि भिंत यांच्यामधली फट हा आणखी तिसराच प्रकार. तिथे एक बाजू लाकूड, दुसरी प्लास्टर. दोन्ही वेगवेगळी हलतात. कडक फिलर भरला तर पहिल्याच उन्हाळ्यात बारीक रेघ उघडते. तिथे नळीतून येणारा अ‍ॅक्रिलिक सीलंट वापरा, तो लवचिक राहतो आणि त्यावर भिंतीचा रंग बसतो. सिलिकॉन घेऊ नका, त्यावर रंग धरत नाही. भिंतीकडून मास्किंग टेप लावायला विसरू नका.

हलण्याचा विषय निघालाच आहे तर बडोद्याच्या हवेबद्दल सांगायलाच हवं, कारण बाहेरून लिहिलेल्या सूचनांत ही गोष्ट नसते. लाकूड रेषेच्या दिशेने जवळजवळ वाढत नाही, पण आडव्या दिशेने दमटपणात फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं. साग इतर लाकडांच्या मानाने शांत, तरी अगदी स्थिर नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळीसच्या वर, हवा सुकी ठाक, सगळे सांधे उघडलेले. आणि नेमकं सुट्टी आहे म्हणून लोक मेमध्येच काम काढतात. त्या वेळी सांधा काठोकाठ भरला की जुलैत लाकूड फुगून भरलेला फिलर बाहेर ढकलतं, उंचवटा येतो, पॉलिशला चीर जाते. भर पावसाळ्यात भरलं तर उलटं: तेव्हा फट मिटलेली असते, भरायला काही सापडत नाही, आणि उन्हाळ्यात ती परत उघडते. मिस्त्री एका वाक्यात सांगतात, ‘बेन, लाकडुं तो हले ज ने.’ (बाई, लाकूड तर हलणारच ना.) म्हणून मी पट्ट्या बसवून घेतल्या आणि भरण्याचं काम नवरात्र उलटून गेल्यावर, हवा मधली झाल्यावर काढलं. नवीन पट्ट्यांना घरात राहून घरच्या हवेची सवय व्हायलाही त्यात वेळ मिळाला. दिवाळीच्या आत पॉलिश पूर्ण झालं. खिळ्यांच्या भोकांना ऋतूचं बंधन तितकं नाही, सांध्यांना आहे.

पॉलिश पूर्ण झाल्यानंतर जे बारीक काही राहून जातं, त्यासाठी मेणाची रंगीत कांडी ठेवा. ती घासली, फडक्याने पुसली, झालं. पण ती शेवटीच. मेणावर पॉलिश धरत नाही, त्यामुळे आधी मेण आणि वरून पॉलिश हे कधीच करू नये. आणि तिथे रोज हात लागणार असेल, जसं कडीच्या बाजूला, तर मेण टिकत नाही.

तिथे लाख. रंगीत लाखेची कांडी तापवलेल्या पत्तीने वितळवून भोकात सोडायची, थंड झाली की सपाट करायची. हे जुनं काम आहे आणि खरं सांगायचं तर दिसायला सगळ्यात देखणं हेच, कारण लाख कडक होते, तिला चकाकी असते आणि वरून लाख पॉलिशच असेल तर दोन्ही एकजीव होतात. संखेड्याचे खरादी, म्हणजे लाकूड कातणारे कारागीर, सागाच्या पायांवर फिरत्या चरकावर लाखेची कांडी दाबून रंग चढवतात, तीच ही वस्तू, तोच गुण. आपल्याकडे बडोद्याजवळ ही परंपरा असताना घरातल्या फटींसाठी लाख कुणी सुचवत नाही, याचं मला वाईट वाटतं. पण सवय नसलेल्या हाताने गरम पत्ती पॉलिशला टेकली तर डाग पडतो, म्हणून ज्यांना हात बसवायला वेळ आहे त्यांनीच करावं. दर्शनी दाराच्या कडीभोवतीची भोकं मी लाखेने भरून घेतली. आतल्या सगळ्या पट्ट्यांना तयार फिलरच पुरला.

खरेदी करताना मोठा डबा घेऊ नका. एकदा उघडला की हवा लागून कडेने सुकायला लागतो. आधी झाकणाखालची निर्मितीची तारीख पाहा, जुना माल असेल तर वरचा थर चिवट झालेला असतो. उरलेला ठेवायचा असेल तर फिलरच्या पृष्ठभागालाच चिकटेल असा प्लास्टिकचा कागद दाबून बसवा आणि मग झाकण लावा. थोडा घट्ट झाला तर पाण्याचे दोनचार थेंब घालून घोटता येतो, दगड झाला की फेकून द्या, पाणी घालून काही होत नाही.

किडीची भोकं असतील तर आधी खाली बारीक पिठी पडते आहे का ते पाहा. ताजी पिठी म्हणजे आत कीड जिवंत आहे. आधी औषध, भरायचं नंतर. आणि गॅलरीच्या बाहेरच्या चौकटीला, जिथे पावसाची झड येते, हा पाण्यावरचा फिलर अजिबात वापरू नका. तो आतल्या कामासाठी आहे. आमच्या गॅलरीच्या चौकटीत मिस्त्रींनी कपच्या बसवल्या आणि लहान भोकं दोन भागांच्या पुट्टीने बुजवून वरून ऑइल पेंट दिला.